फिटलेल्या कर्जाचे खाते

श्रोतेहो, कर्ज फिटले म्हणजे माणसाला किती हायसे वाटते, हे मी तुम्हांला सांगायला नको. शेवटचा हप्ता भरला, पावती खिशात घातली, की पहिला विचार मनात येतो तो हा, की आता हे खाते एकदाचे बंद करून टाकावे. घरात साप नको आणि वहीत कर्ज नको, असा आपला जुना स्वभाव आहे, आणि तो वाईट नाही.

पण अलीकडे एक चमत्कारिक गोष्ट लोकांच्या अनुभवाला येऊ लागली आहे. बँकेने दिलेले उधारीचे कार्ड, ज्याला आपण क्रेडिट कार्ड म्हणतो, ते एखाद्याने वापरले, त्याची पै अन् पै फेडली, आणि मग मोठ्या समाधानाने ते बंद करून टाकले. चार महिन्यांनी तो घरासाठी कर्ज मागायला गेला. बँकेतल्या साहेबांनी संगणकावर पाहिले आणि सांगितले, ‘तुमचे पतीचे गुण पूर्वीपेक्षा उतरले आहेत.’ आता पाहा, कर्ज बुडविले नाही, हप्ता चुकविला नाही, उलट सगळे फेडून खाते मिटविले, आणि तरी गुण कमी! हा न्याय कुठला?

ह्याचे उत्तर चार वाक्यांत देता येईल. पण ते पटायचे असेल, तर पत ही वस्तू आपल्या भागात कशी लिहिली गेली, कोणी लिहिली आणि कोणाच्या वहीत लिहिली, हे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे.

आधी एक शब्दाचा खुलासा करू. आपण ‘ऐपत’ आणि ‘पत’ हे दोन शब्द वापरतो. ऐपत म्हणजे जवळ काय आहे ते. जमीन, गुरे, दागिने, पगार. पत म्हणजे दुसऱ्याचा आपल्यावरचा भरवसा. ऐपत असून पत नसलेली माणसे गावोगाव आहेत, आणि ऐपत बेताची असून ज्याच्या शब्दावर दुकानदार पोते उचलून देतो अशीही आहेत. ऐपत डोळ्यांना दिसते. पत मात्र मागच्या वागणुकीवरून ओळखावी लागते. म्हणजे पतीला आठवण लागते, आणि आठवण टिकायची तर ती कुठेतरी लिहून ठेवावी लागते.

तारापूरचे नाव निघाले, की शिक्षक मुलांना १७३९ सालची लढाई सांगतात. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेत हा किल्ला मराठ्यांनी फिरंग्यांकडून घेतला आणि बाजी भिवराव रेठरेकर तिथे पडले. ही हकीकत सांगायलाच हवी. पण त्याच किल्ल्याची दुसरी एक हकीकत आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. पुढे हा किल्ला विकाजी मेहेरजी ह्या तारापूरच्या पारशी शेटजींकडे इनाम म्हणून आला. जकातीचे मक्ते घेता घेता ह्या घराण्याचा पैसा वाढला, आणि विकाजी व त्यांचे बंधू पेस्तनजी ह्यांची पेढी थेट निजामाच्या हैदराबाद राज्यापर्यंत जाऊन पोचली. वऱ्हाडचा कापूस १८२५–२६ साली पहिल्यांदा मुंबईला नेला तो ह्यांनीच, ५०० बैलांच्या पाठीवर लादून! औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, तिथल्या टांकसाळीतून निघणाऱ्या त्यांच्या वेळच्या रुपयाला लोक ‘पेस्तनशाही’ म्हणत. सिकंदराबादेत त्यांनी १८४७ साली बांधलेली अग्यारी आहे.

तारापूरचा माणूस हैदराबादेत जाऊन एवढा व्यवहार करतो, तो कशाच्या जोरावर? थैल्या घेऊन कोणी चारशे कोस हिंडत नव्हते. व्यवहार चाले हुंडीवर. एका गावच्या पेढीने कागदावर चार ओळी लिहायच्या आणि दुसऱ्या गावच्या पेढीने त्या वाचून रोकड मोजायची. दाखविताच पैसे मिळत ती दर्शनी हुंडी, आणि ठराविक दिवसांनी मिळत ती मुदती हुंडी. हुंडी वाटेत गहाळ झाली, तर तिची नक्कल देत, तिला ‘पेठ’ म्हणत. तीही हरवली तर ‘परपेठ’. आणि ज्या हुंडीचे पैसे देऊन झाले, जी रद्द झाली, तिला नाव होते ‘खोखा’.

हा खोखा शब्द ध्यानात ठेवा. पैसे दिले गेले, कागदाचे काम संपले, तरी शहाणी पेढी खोखा फाडून चुलीत घालीत नसे. तो जपून ठेवीत, कारण ‘आम्ही शब्द पाळला’ ह्याचा तोच पुरावा. फिटलेल्या देण्याचा कागद हा पेढीचा ठेवाच होता.

ह्या पेढीचा शेवट मात्र दुःखाचा झाला. निजामाच्या सरकारला तिने भल्या मोठ्या रकमा उसन्या दिल्या. दिवाण चंदुलाल ह्यांच्या कारकिर्दीत त्या कर्जापोटी वऱ्हाडातल्या मुलखाचा वसूल पेढीला लावून दिला होता. चंदुलाल १८४३ साली पायउतार झाले, आणि १८४५ साली सरकारने तो मुलूख काढून घेतला. कर्ज राहिले, तारण गेले. १८४८ साली पेढी बसली. पिढ्यान् पिढ्या जमविलेली पत अशी तीन वर्षांत गेली. राजाच्या घरी दिलेले कर्ज फिटले नाही, तर दाद कोणाकडे मागणार?

ही झाली शेटजींची गोष्ट. आता त्याच भागातल्या गरिबाची पाहू.

तारापूरहून उत्तरेला डहाणू, तलासरी, त्या वेळचा उंबरगाव तालुका, हा वारली बांधवांचा मुलूख. पावसाळ्यात घरातला दाणा संपला, की जमीनदाराकडून ‘खावटी’ म्हणून धान्य आणायचे आणि पीक आले की दीडपटीने घालायचे. लग्नासाठी दीडदोनशे रुपये उचलले, की तो तरुण आणि त्याची बायको मालकाच्या घरी राबायला लागत. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. किती वर्षे राबायचे? कर्ज फिटेपर्यंत. आणि कर्ज फिटले हे सांगणार कोण? मालक. वही मालकाची, लेखणी मालकाची, आणि राबणाऱ्याला अक्षर ओळखीचे नाही. तेव्हा ते कर्ज फिटतच नसे. बापाचे कर्ज मुलाच्या माथी येई. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही, लग्नगडी राहणार नाही, असे त्यांनी ठरविले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. ती चळवळ मजुरीची होती, तशीच ती न मिटणारे खाते मिटविण्याचीही होती. पुढे १९७६ साली देशभर वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला.

देशावर ह्याच्या सत्तर वर्षे आधी असेच घडले होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांना हवे होते ते मुख्यतः कर्जरोखे. रोखे हाती आले की त्यांची होळी केली. लोण आसपासच्या पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरले. सरकारने चौकशी बसविली, तेव्हा रयतेच्या पुष्कळ तक्रारी निघाल्या. पैसे भरले तर पावती नाही, फिटलेले खत परत नाही, जुन्याच्या व्याजावर नवे खत. मग १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांना लागू होता. त्यात असे कलम घातले, की धनकोने पैसे घेताच लेखी पावती दिली पाहिजे, मागेल त्याला वर्षाचा हिशोब दिला पाहिजे आणि पासबुक भरून दिले पाहिजे. आज आपण पासबुक सहज खिशात घालतो. त्या चोपडीमागे सुप्याच्या होळीचा धूर आहे, हे शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे.

त्यानंतर सहकाराचा काळ आला. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि १९०५ साली त्या वेळच्या धारवाड जिल्ह्यात कणगिनहाळ गावी मुंबई इलाख्यातली पहिली संस्था निघाली. तिथे पत ओळखायची रीत सोपी होती. शेजारी शेजाऱ्याला ओळखे. एकाने बुडविले तर सगळ्यांना भरावे लागे, म्हणून जो तो नजर ठेवी. रीत चांगली, पण तिची पोच थोडी. रिझर्व्ह बँकेने १९५१–५२ साली खेड्यांतल्या कर्जाची देशभर पाहणी केली. तिच्यात दिसले की शेतकऱ्याने घेतलेल्या १०० रुपयांतले सुमारे ७० रुपये सावकाराचे होते, आणि सहकारी संस्थांचे जेमतेम ३.

इथपर्यंत वही कोणाचीही असो, लिहिणारा आणि घेणारा एकमेकांना तोंडाने ओळखत होते. आता बोईसरकडे पाहा. १९६९ साली तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले आणि शेजारी औद्योगिक वसाहत उभी राहिली. उत्तर प्रदेश, बिहार, खानदेश, कोकण, कुठूनकुठून माणसे कामाला आली. इथल्या बँकेला त्यांचा बाप माहीत नाही, आजा माहीत नाही, गाव माहीत नाही. अशा माणसाची पत कशी ठरवायची?

हाच प्रश्न अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षे आधी पडला होता. १८३७ सालच्या मंदीत पुष्कळ व्यापारी बुडाले, तेव्हा लुईस टॅपन ह्या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने १८४१ साली एक कचेरी काढली. गावोगावच्या वार्ताहरांनी कळवायचे की अमका व्यापारी देण्याघेण्यात कसा आहे, आणि कचेरीने ते मोठमोठ्या वह्यांत उतरवायचे. पुढे १९५६ साली बिल फेअर आणि अर्ल आयझॅक ह्या दोघांनी ह्याच माहितीचे गणित करायला घेतले. त्यांच्या कंपनीचे ‘फिको’ गुण १९८९ पासून तिकडे सर्रास चालू झाले.

आपल्याकडे २००० साली सिबिल ही संस्था निघाली. २००५ साली संसदेने पतमाहिती कंपन्यांचा कायदा केला. आता अशा चार कंपन्या आहेत. बँक, पतपुरवठा कंपनी, सूक्ष्म कर्ज देणारी संस्था, सगळ्या तिथे कळवितात, की अमक्याने किती घेतले, किती फेडले, वेळेवर की उशिरा. त्यावरून ३०० ते ९०० ह्यांच्या दरम्यान गुण पडतात. १९९८ साली निघालेल्या किसान क्रेडिट कार्डाची उचलही त्या वहीत जाते. म्हणजे सावकाराची एक वही होती, पेढीची एक होती, संस्थेची एक होती. आता सगळ्यांची मिळून एक वही झाली आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. खाते मिटविल्यावर गुण का उतरतात?

ह्या कंपन्या आपले नेमके सूत्र उघड करीत नाहीत. पण अमेरिकेतल्या फिकोने ढोबळ वाटणी सांगितली आहे, ती अशी: १०० पैकी ३५ भाग वेळेवर फेडीला, ३० भाग देणे किती आणि दिलेल्या मर्यादेतले किती वापरले ह्याला, १५ भाग खाती किती जुनी ह्याला, आणि १०–१० भाग नव्या कर्जांना व कर्जांच्या प्रकारांना. आपल्याकडचे आकडे निराळे असतील, पण पाहण्याच्या गोष्टी साधारण ह्याच आहेत.

एक हिशोब करू. शिक्षकांनी तो फळ्यावर मांडावा. एका माणसाजवळ दोन कार्डे आहेत. एकाची मर्यादा ६०,००० रुपये, दुसऱ्याची ४०,०००. दोन्ही मिळून एक लाख. त्याची महिन्याची उधारी ३०,००० रुपये. म्हणजे शेकडा ३० मर्यादा वापरली. आता ६०,००० चे कार्ड त्याने पूर्ण फेडले आणि बंद करून टाकले. खर्च तोच, ३०,०००. पण मर्यादा राहिली ४०,०००. शेकडा ७५ झाले! माणूस तोच, पगार तोच, सवय तीच. पण वही पाहणाऱ्याला वाटते की ह्याची ओढाताण चालली आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही आपली म्हण. इथे पाय लांबले नाहीत, अंथरूण आखूड झाले.

दुसरे कारण जुनेपणाचे. बारा वर्षे नीट चालविलेले खाते हे बारा वर्षांच्या वागणुकीची साक्ष असते. बंद केले म्हणजे ती साक्ष लगेच पुसली जाते, असे नाही. आपल्याकडे पतमाहिती कंपन्यांनी ही माहिती किमान ७ वर्षे ठेवावी असा दंडक आहे. पण त्या साक्षीत नवी भर पडत नाही, आणि काही वर्षांनी ती वहीतून निघून जाऊ शकते. मग राहते ते परवाचे नवे खाते. जुना खोखा आपणच टाकून द्यावा, असा हा प्रकार होतो.

तर मग कार्ड कधीच बंद करू नये काय? तसे नाही. गुण थोडे उतरले, तरी बाकीचे व्यवहार नीट असतील तर ते पुन्हा चढतात. कार्डाची वर्षाची फी जड जात असेल, हातात कार्ड असले की खर्च आवरत नसेल, कार्डाचा कोणी गैरवापर केला असेल, तर बंद करावे आणि गुणांची चिंता करू नये. गुण माणसासाठी आहेत, माणूस गुणांसाठी नाही. मात्र येत्या सहा महिन्यांत घराचे किंवा ट्रॅक्टरचे कर्ज काढायचे असेल, तर थोडे थांबावे. दोन कार्डांतले एक ठेवायचे असेल, तर सर्वांत जुने आणि बिनफीचे ठेवावे. आणि ठेवलेले कार्ड नुसते पेटीत पडू देऊ नये. वर्षभर न वापरलेले कार्ड, धारकाला कळवून, बँक स्वतःच बंद करू शकते, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ सालचा नियम आहे. म्हणून अधूनमधून एखादे विजेचे बिल त्यावर भरावे आणि मुदतीच्या आत सगळे फेडून टाकावे.

मुदतीच्या कर्जाची गोष्ट निराळी. घराचे, बैलजोडीचे, मोटारसायकलीचे कर्ज फिटले की ते खाते आपोआप मिटते, आणि तसे ते मिटलेच पाहिजे. गुणांसाठी कर्ज रेंगाळत ठेवून व्याज भरणे हा वेडेपणा होय.

बंद करायचेच ठरले, तर ते कसे करावे हेही ऐका. आपल्या शेतकऱ्याला एक गोष्ट चांगली ठाऊक आहे. सोसायटीचे कर्ज फिटले, तरी सातबाऱ्यावरचा बोजा आपण होऊन उतरत नाही. बेबाकी दाखला घ्यावा लागतो, तलाठ्याकडे द्यावा लागतो, फेरफार व्हावा लागतो. कार्डाचेही तसेच समजा. अर्ज लेखी द्यावा. काही देणे नसेल, तर बँकेने ७ कामाच्या दिवसांत कार्ड बंद केले पाहिजे. उशीर झाल्यास दर दिवसाला ५०० रुपये धारकाला द्यावेत, असे त्याच २०२२ च्या नियमात आहे. बेबाकी दाखला मागून घ्यावा. घराच्या कर्जात तारण ठेवलेली कागदपत्रे फेडीनंतर ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत, असा रिझर्व्ह बँकेने २०२३ साली नियम केला, तोही लक्षात असू द्या.

आणखी एक सावधगिरी बाळगा. कधी थकलेल्या कर्जावर बँक म्हणते, ‘५०,००० ऐवजी ३०,००० द्या, मिटवून टाकू.’ माणूस खूष होतो. पण वहीत तिथे ‘फेडले’ असे न लिहिता ‘तडजोड’ असे लिहिले जाते, आणि पुढचा धनको ते वाचतो. फेडून मिटविलेले खाते आणि तडजोडीने मिटविलेले खाते, ह्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. अडचण खरीच असेल तर तडजोड करावी, पण काय लिहिले जाणार आहे ते आधी विचारावे.

शेवटी, ही वही वाचायची कशी? सुप्याच्या शेतकऱ्याला सावकाराची चोपडी पाहायला मिळत नव्हती. डहाणूच्या लग्नगड्याला तर ती वाचताच येत नव्हती. आपली गोष्ट तशी नाही. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने मागेल त्याला वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल फुकट दिला पाहिजे, असे ठरले आहे. चार कंपन्या, म्हणजे वर्षातून चार वेळा आपण आपली वही पाहू शकतो. फेडलेले कर्ज अजून थकलेले दिसते काय, दुसऱ्याच कोणाचे देणे आपल्या नावावर चढले आहे काय, हे पाहावे, आणि चूक असेल तर लेखी तक्रार करावी.

शिक्षक मित्रांना माझी एक विनंती आहे. गावातल्या ज्या माणसाला हा अहवाल वाचता येत नाही, बचतगटातल्या ज्या बाईला ‘थकबाकी’ आणि ‘बंद’ ह्या शब्दांपुढे बोट ठेवून कोणी समजावून सांगितलेले नाही, त्यांना एका संध्याकाळी शाळेत बोलवा आणि तो कागद ओळीने वाचून दाखवा. वही दुसऱ्याच्या हातात असली, तरी तिच्यात काय लिहिले आहे हे आपल्याला माहीत असले पाहिजे.